चाळीस पावलं

कमरेला हिसका बसला आणि प्रणित भर बाजारपेठेत गिटार पोटावर घेऊन मागच्या मागे बसला. लागलं काहीच नाही. शहापूरच्या देवीची मिरवणूक होती, दुपारचे चार वाजलेले, नाचणारी पोरं घामाने निथळत होती, आणि समोर पिवळ्या ड्रेसमधली एक मुलगी मोबाईल धरून नेमकी त्याच्याच बोटांचं शूटिंग करत होती. तिने मोबाईल खाली घेतला नाही. ती हसली, आणि हसतानाही तिचा हात हलला नाही, याचं त्याला मागाहून फार नवल वाटलं. त्याने वळून पाहिलं. आठ पावलांवर त्याचा चुलतभाऊ धाऊ उभा होता, हातात काळ्या वायरचे वेढे धरून, आणि हनुवटीने डावीकडे दाखवत होता. डावीकडे एका किराणा दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर होतं. वरच्या मजल्यावर चार दिवसांपूर्वी कोणी गेलं होतं. ढोल थांबले, ताशा थांबला, टेम्पो मुकाट्याने वीस पावलं पुढे सरकला, आणि मग पुन्हा सगळं सुरू झालं. मयताच्या घरापुढे वाजवायचं नाही, हा नेम कोणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडणाऱ्या पार्टीला शहापूर-मुरबाडात पुन्हा त्या गावची सुपारी मिळत नाही. प्रणितला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी जमिनीवर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं ते वेगळंच. असं ओढून थांबवतात ते बैलाला.

त्यांच्या पार्टीला सगळे बेंजो म्हणत, जरी बेंजो वाजवणारा म्हातारा केव्हाच वारला होता आणि त्याच्या जागी गिटार आली होती. टेम्पोत जनरेटर, दोन मोठे स्पीकर, अँप आणि कीबोर्डवाला. खाली ढोल, ताशा. आणि सगळ्यांच्या पुढे, नाचणाऱ्यांच्या तोंडाशी, गिटारवाला. गिटारपासून अँपपर्यंत वायर. ती कोणाच्या पायात येऊ नये म्हणून ती उचलून धरत मागून चालायला एक माणूस लागतो, आणि हा माणूस गेली बारा वर्षं धाऊ होता. गिटारची पिन निसटू नये म्हणून प्रणित वायर कमरेच्या पट्ट्यात दोन वेढे घालून अडकवायचा. तिथूनच धाऊची भाषा सुरू झाली होती. एक हलका ओढा म्हणजे दमाने चाल, टेम्पो मागे राहिलाय. दोन ओढे म्हणजे गाणं बदल. आणि एकच लांब, करकचून ओढा म्हणजे बंद, पुढे मयताचं घर आहे. मिरवणुकीच्या आधी धाऊ गावातल्या पहिल्या घरी चहा प्यायचा आणि विचारून घ्यायचा, कोणाच्या घरी काय झालंय. नवसू ढोलवाला म्हणायचा, दादाला गावाचं सुतक तलाठ्याच्या आधी कळतं. बारा वर्षं प्रणित मागे न बघता वाजवत आला होता, कारण मागचं सगळं त्याच्या कमरेला कळत होतं. आणि याच गोष्टीचा त्याला आता उबग आला होता. वाशिंदच्या कारखान्यात, जिथे तो पॅकिंगला होता, खोका उचलताना एखादी पट्टी कमरेला घासली तरी त्याचे हात जागच्या जागी थांबत. बाजूचा माणूस विचारायचा, काय झालं रे? काय सांगणार? आपल्या पाठीमागे दुसऱ्या कोणाचं तरी डोकं बसवलेलं आहे असं त्याला वाटायचं, आणि ते डोकं आपल्याहून शहाणं आहे, याची चीड यायची. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ कारखान्यात सगळ्यांच्या मोबाईलवर होता. तो पडतो, गिटार 'टँव' करून ओरडते, आणि मागे धाऊ वायर धरून उभा. कोणीतरी खाली लिहिलं होतं, मालकाने ओढला. प्रणित सगळ्यांबरोबर हसला. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तो मोबाईलवर गिटारचे वायरलेस सेट बघत बसला.

गंमत अशी की तो स्वतःही कधी काळी मागे चालला होता. तेव्हा गिटार धाऊकडे होती. लाल रंगाची, एका कोपऱ्यात टवका उडालेली, आता प्रणितच्या गळ्यात असते तीच. पाच वर्षं त्याने धाऊच्या मागे वायर धरली होती. वायर नुसती हातात असते असं नाही. वाजवणारा पुढे काय करणार ते तिच्यातून आधी कळतं, खांदा जरा वळला की वायर सैल पडते, जोरात येणार असला की ताठ होते. धाऊ काय वाजवायचा! बायका ओट्यावरून खाली उतरायच्या. आणि प्रणित मागे, धुळीत, दोन हातांत वेढे धरून, मनातल्या मनात प्रत्येक सुरावर बोटं ठेवत चालायचा. "मला येक गाणं दे की, दादा," तो म्हणायचा. धाऊ म्हणायचा, "कान तयार होऊ दे आधी." मग वाशिंदच्या कारखान्यात प्रेसच्या मशीनखाली धाऊच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. प्रणित इस्पितळात पोचला तेव्हा हाताला एवढं मोठं बँडेज होतं, धाऊची बायको हौसा भिंतीला डोकं टेकून बसली होती, आणि प्रणितच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता गिटार मला मिळणार. दुसरी नाही, पहिली. त्याने नंतर ती पुष्कळदा पुसून बघितली, वयाच्या माथी मारून बघितली, पण ती तशीच राहिली, स्वच्छ, आनंदाची. आठव्या दिवशी तो धाऊची गिटार गळ्यात घालून एका हळदीला वाजवत होता. दीड महिन्याने धाऊ आला आणि त्याने वायर उचलली. त्या दिवशी प्रणितला खरोखर आभार वाटले होते. आभार शिळे झाले की त्यांचं काय होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं.

पार्टीचा मालक भावेश लगेच तयार झाला. "घे रे. सगळ्या पार्ट्यांनी घेतलेत," तो म्हणाला. "फक्त भारीतला नको, आपल्याला झेपंल असा बघ. आन येक हाय. वायर गेली मंग वायर धरनारा कशाला? धाऊदादाला तूच सांग. तुझाच भाव हाय." प्रणित म्हणाला, सांगतो. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्षातल्या लग्नांच्या सुपाऱ्या आल्या, आणि त्याने सांगितलं नाही. त्याने केलं ते असं, की तो धाऊलाच बरोबर घेऊन सेट निवडायला निघाला. कारण एकट्याने निवडायची त्याला भीती वाटत होती. त्याने महिनाभर मोबाईलवर शेकडो माणसांची मतं वाचली होती. एक म्हणे हा उत्तम, दुसरा म्हणे हा कचरा. आवाजातली खोट त्याला ऐकूच येत नव्हती, आणि धाऊला येते हे त्याला माहीत होतं. गळा कापायचा आणि सुरीला धारही त्यालाच लावायला सांगायची, असा हा प्रकार होता, आणि तो आपल्याला कळतोय हेही प्रणितला कळत होतं. रविवारी सकाळी तो धाऊच्या दारात मोटारसायकल घेऊन उभा राहिला तेव्हा हौसा ओट्यावर भात पाखडत होती. तिने सूप थांबवलं.

"कुठं चाललाव दोघं?"

"मुरबाडला, वैनी. गिटारीला बिनवायरचं मशीन बघाय."

"बिनवायरचं?" हौसा म्हणाली. "मंग ह्यांनी काय धरायचं?"

प्रणितने गाडीची किक मारली. ती पहिल्याच किकेला सुरू झाली, एरवी कधी होत नसे. धाऊ आतून आला, मागे बसला आणि म्हणाला, "चल रे, ऊन होईल." हौसाचा प्रश्न ओट्यावरच राहिला. सबंध रस्ता धाऊचा धड हात त्याच्या खांद्यावर होता आणि प्रणितला वाटत होतं, आता हा विचारेल. धाऊने विचारलं ते इतकंच, की टायरमध्ये हवा कमी आहे का.

मुरबाडला सुनिल साउंडवाल्याचं गोदाम होतं. मंडपांना स्पीकर भाड्याने द्यायचा, आणि जोडीला असल्या वस्तू कल्याणहून आणून विकायचा. त्याने टेबलावर तीन सेट मांडले. पहिला अगदी स्वस्त, दोन छोट्या डब्या. एक गिटारला खोचायची, दुसरी अँपला. प्रणितचा डोळा याच्यावरच होता. गोदामासमोरच्या मोकळ्या जागेत अँप मांडला, प्रणितने वाजवलं, त्याला झकास वाटलं. धाऊ डोळे मिटून उभा होता. "परत," तो म्हणाला. प्रणितने परत वाजवलं. "ह्यो मागं ऱ्हातोय. नख आधी वाजतंय, सूर मागनं येतोय." सुनिलने चमकून बघितलं आणि कबूल केलं, की हो, या स्वस्तातल्याला केसभर उशीर असतो, पण कोणाला कळत नाही. "ढोलवाल्याला कळंल," धाऊ म्हणाला. "त्याला वाटंल आपलाच हात चुकतोय. ठेव त्यो." प्रणितने कान देऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. बारा वर्षं वाजवून त्याला जे ऐकू येत नव्हतं, ते बारा वर्षं न वाजवणाऱ्याला येत होतं. दुसरा सेट पट्ट्याला लावायचा, अँटेनावाला, सेल घालायचा. त्याचा आवाज भरीव होता, पण वाजवता वाजवता मधेच कुठल्याशा मंगल कार्यालयातली बाई अँपमधून बोलायला लागली, हॅलो, हॅलो, माइक चेक. सुनिल हसला, धाऊही हसला. तिसरा पुन्हा दोन डब्यांचाच, पहिल्याहून थोडा महाग, पण भावेशच्या सांगण्यात बसणारा. एकदा चार्ज केला की पाच तास चाले. अँपच्या डबीवर एक बारीक बत्ती होती. जोडी लागलेली असली की हिरवी, तुटली की लाल. धाऊने डोळे मिटून ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि मान हलवली. "ह्यो खरा हाय. आता लांबनं बघाय पायजे."

"तू जा," प्रणित म्हणाला. "मी हितं ऐकतो."

हे तो का म्हणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चालायचं वाजवणाऱ्याने असतं, ऐकायचं कानवाल्याने. पण त्याने गिटार काढली आणि धाऊच्या गळ्यात घातली. धाऊ तिच्याकडे बघत राहिला. बारा वर्षांत त्याने ती पुसली होती, तिच्या तारा बदलल्या होत्या, पण गळ्यात घातली नव्हती. त्याचा डावा हात आपोआप मानेवर गेला, दोन बोटं तारांवर टेकली, जिथे दुसरी दोन टेकायची तिथे नुसती हवा, आणि मग त्याने तो हात खाली सोडून दिला. उजव्या हाताने तो मोकळ्या तारा छेडायला लागला आणि चालू लागला. दहा पावलं. वीस. सुनिल मोजत होता. आवाज स्वच्छ येत होता. तिसाला धाऊ वळला, पाठ केली, अंगाची आडकाठी करून बघितली, आवाज जरा चरचरला. "डबी वर ठेव, स्पीकरच्या डोक्यावर," तो तिथून ओरडला. "मानसं मधी आली तर तुटंल." सुनिलने डबी वर ठेवली. चाळीस. हिरवी. त्रेचाळिसाव्या पावलाला बत्ती लाल झाली आणि अँप गप्प झाला. सुनिल हाक मारणार होता. प्रणितने त्याला हाताने थांबवलं. धाऊ चालतच होता. चिंचेच्या झाडापाशी, रस्त्याच्या कडेला, लाल गिटार घेतलेला तो बुटका माणूस मोकळ्या तारा छेडत होता आणि कोणालाही काही ऐकू येत नव्हतं, त्याला स्वतःलासुद्धा फार नाही. जाऊ दे, प्रणितला वाटलं. बघू तरी किती जातो. त्याला मजा वाटत होती. ती मजा इस्पितळातल्या त्या आनंदाच्या जातीची होती, आणि ओळख पटूनही त्याने ती थांबवली नाही. शेवटी धाऊच आपला आपण परतला. घाम पुसत त्याने गिटार काढून दिली. "चाळीस पावलं धर," तो म्हणाला. "त्याच्या पुढं जाऊ नको. घे ह्यो." परत येताना त्याने मोटारसायकलवर पुन्हा काही विचारलं नाही. प्रणितला आता खात्री झाली की त्याला सगळं कळलंय. कळलंय तर मी कशाला सांगू, असा एक सोयीचा विचार त्याला घर येईपर्यंत पुरला.

पहिलं काम मुरबाडपुढच्या, म्हसा रस्त्याच्या एका गावात होतं. संध्याकाळचं लग्न, त्याआधी चारला नवरदेवाची मारुतीपर्यंत मिरवणूक. टेम्पोत सगळे दाटीवाटीने बसले होते. धाऊ आला तो सवयीने वायरचं भेंडोळं खांद्याला लावूनच. नवसूने त्याकडे पाहिलं आणि बाहेर बघायला लागला. भावेश पुढून वळून प्रणितकडे बघत होता, सांगितलंस का, अशा डोळ्यांनी. मग प्रणितने मोबाईलमध्ये बघत बघत सांगितलं.

"दादा, आज वायर नाय. तू टेम्पोपाशीच थांब. डबीची बत्ती बघ फक्त, हिरवी हाय का लाल. दुसरं कशात हात घालू नको."

"आन उद्या?" धाऊने विचारलं.

"उद्यापासनं काय काम नाय उरलं, धाऊदादा," भावेश पुढून म्हणाला. "तुमी बी दमलाव आता. आराम करा." त्याचा आवाज मऊ होता. प्रणितने मान वर केली नाही. मोबाईलवर तो जे वाचत होता ते त्याला एक अक्षर कळत नव्हतं. धाऊने भेंडोळं खांद्यावरून काढलं, नीट गाठ मारली आणि पायाखाली ठेवलं. "बरं," तो म्हणाला, "बत्ती बघतो."

गावात उतरल्यावर धाऊ सवयीप्रमाणे पहिल्या घरी चहाला गेला. प्रणितने ते पाहिलं आणि त्याला हसू आलं. आता कशाला? पण मिरवणूक सुरू झाली आणि तो बाकी सगळं विसरला. कमरेला काही नव्हतं. असं काही नसणं काय असतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. तो पोरांमधून आरपार गेला, गोल फिरला, एका ओट्यावर चढून उतरला, नवरदेवाच्या घोड्यापुढे जाऊन वाजवलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. बोटं आपोआप धावत होती. तो पुढे पुढे जात राहिला. मनात पावलं मोजत होता, पस्तीस, सदतीस, धाऊने सांगितलेली चाळीस ओलांडायची नाहीत एवढं भान त्याला होतं. वळण आलं. नाचणारी पोरं त्याच्याबरोबर पुढे आली, टेम्पो मागे राहिला. आणि मग ढोल थांबले. ताशा थांबला. कीबोर्ड थांबला. त्याने डोळे मिटले. असं कधीमधी करतात, गिटारवाल्याला मोकळं सोडतात, सगळे थांबतात आणि त्याने एकट्याने वाजवायचं असतं. धाऊसाठी थांबायचे, त्याच्यासाठी बारा वर्षांत एकदाही कोणी थांबलं नव्हतं. आज थांबले. नवसू थांबला, माझ्यासाठी थांबला! त्याने जीव ओतला. धाऊचं एक जुनं वळण होतं, खालच्या सुरावरून घसरत वर जाणारं, जे त्याला कधी साधलं नव्हतं. ते त्याला त्या क्षणी साधलं, दोनदा साधलं, आणि तिसऱ्यांदा त्याने ते मुद्दाम लांबवलं. एवढं चांगलं त्याने आयुष्यात वाजवलं नव्हतं. हे त्याचं मत नाही, तसं ते खरंच होतं. टाळ्या आल्या नाहीत म्हणून त्याने डोळे उघडले.

त्याच्याभोवतीची पोरं उभी होती. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे मागे बघत होते. वळणावर टेम्पो एका घरापुढे थांबला होता. घराच्या ओट्यावर माणसं दाटून बसली होती, डोकी उघडी, उघड्या दारातून आतल्या सारवलेल्या जमिनीवर जळणारा एकच दिवा दिसत होता, भर दिवसा. आणि टेम्पोच्या मोठ्या स्पीकरपुढे एक बाई उभी होती. तिशी-पस्तिशीची, केस सुटलेले. तिने दोन्ही हात जोडले होते, त्या काळ्या खोक्याला. वाजवणारा कुठे आहे ते तिला माहीतच नव्हतं. आवाज जिथून येत होता त्यालाच ती विनवत होती. एक म्हातारा तिला धरून "चल गो जना, चल घरात," म्हणत होता आणि ती हलत नव्हती. प्रणितचा हात तारांवरून खाली आला. शेवटचा सूर तिच्या तोंडावर जाऊन विझला. तरी तिने हात सोडले नाहीत.

तो चालत मागे आला. ती अडतीस पावलं त्याला एकेक करून मोजावी लागली. नवसू ढोलावर हात पालथे टाकून उभा होता. "पोरगा गेला तिचा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "परवा. नऊ वर्षांचा. दादानं आमाला मघाशीच सांगलेलं, चहा पिऊन आला तवाच. आमाला वाटलं तुला बी सांगलाय." भावेश म्हाताऱ्याच्या पाया पडत होता. ओट्यावरच्या माणसांपैकी कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. धाऊ स्पीकरजवळ उभा होता. अँप त्याच्या छातीशी होता आणि आवाजाचं गोल बटन त्याच्या डाव्या हाताखाली, उरलेल्या बोटांच्या खाली, आणि तो हात आत्ताच ठेवलेला नव्हता, बराच वेळ टेकलेला होता. वर डबीवर बत्ती जळत होती.

"दादा," प्रणित म्हणाला. "बटन तुझ्या हाताखाली व्हतं."

धाऊने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, दुःखही नव्हतं, काम नेमून दिल्याप्रमाणे केलेल्या माणसाचा शांतपणा होता.

"मला बत्ती बघाय सांगलेली," तो म्हणाला. "बत्ती हिरवी व्हती."

बाईला आत नेलं. कोणीतरी दार लोटलं. टेम्पो गप्पगप्प पुढे सरकला आणि घोडाही सरकला, कारण मुहूर्त कोणासाठी थांबत नव्हता. मारुतीपर्यंत अजून पुष्कळ घरं होती. त्यातल्या कुठल्या घरापुढे वाजवायचं नाही, हे धाऊला विचारायला हवं होतं. प्रणित त्याच्या शेजारी चालत राहिला, आणि ते विचारायला त्याचं तोंड उघडत नव्हतं.